इंग्रजीतला ‘फट्’ आपला आहे का?

माझं गाव जाम. वर्धा जिल्हा, समुद्रपूर तालुका. नागपूरहून बुटीबोरी मागे टाकून दक्षिणेकडे निघालात की हैदराबादचा आणि चंद्रपूरचा रस्ता जिथे वेगळे होतात, तेच हे गाव. बाहेर कुठे नाव सांगितलं की ठरलेला विनोद होतो: “म्हणजे कायम ट्रॅफिक जाम?” मग मी सांगतो की आमच्याकडे पेरूलाही जाम म्हणतात. शिवाय गझलेतला जाम वेगळा, तो फारसीतला प्याला. आणि होस्टेलवर आपण “आज जाम कंटाळा आलाय” म्हणतो, तो आणखी निराळा. पेरू, प्याला आणि रस्त्यावरची कोंडी यांचं आपसात काही नातं नाही, उच्चार तेवढा जुळतो. हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही.

पण शब्द आवाजावरून आलेला असला की हीच साधी गोष्ट आपण विसरतो. मी विसरलो, आणि त्यात माझं एक सत्र गेलं. पेट पास होऊन सिनॉप्सिस लिहायला बसलेल्या तुमच्यासारख्यांच्या उपयोगाचं त्यात काही आहे, म्हणून तो किस्सा आज सविस्तर सांगतो.

इंग्रजीत एक छोटा शब्द आहे. स्पेलिंग पी-एच-यू-टी. उच्चार साधारण ‘फट्’, फक्त त्यातला फ ओठ आणि दात लावून काढायचा. (या लेखात इंग्रजी शब्द ‘फट्’ असा पाय मोडून लिहितो आणि आपला ‘फट’ नेहमीसारखा, म्हणजे घोळ होणार नाही.) शब्द ब्रिटिश बोलण्यातला, घरगुती. काहीतरी बारीकसं फुटल्याचा किंवा यंत्रातली हवा निघून गेल्याचा हा आवाज. वाक्यात मात्र तो बहुतेक वेळा ‘जाणे’ या क्रियापदाच्या जोडीनं येतो. जुना फ्रीज ‘फट् गेला’. ऐन कार्यक्रमात माईक ‘फट् गेला’. उन्हाळ्याच्या सुट्टीचा बेत ‘फट् गेला’. यातली गंमत बघा: ‘फट्’ जाणारी गोष्ट सहसा यंत्र, धंदा किंवा बेत असते. कोणी कशाला ‘फट्’ करत नाही, ते आपोआप होतं. त्यामुळे चूक कोणाची हा प्रश्न वाक्यात येतच नाही, आणि चहा पिता पिता अपयश सांगायला हा शब्द फार सोयीचा पडतो. मराठीत आपण म्हणू, फ्रीजनं राम म्हटला, बेत फिसकटला, बार फुसका निघाला. प्रबंधात तुम्ही यातलं काहीच लिहिणार नाही आणि इंग्रज विद्यार्थीही ‘फट्’ लिहिणार नाही.

माझा विषय मराठीतले ध्वन्यनुकारी शब्द, म्हणजे शाळेच्या व्याकरणात ‘अनुकरणवाचक’ म्हणून शिकवतात ते: खडखड, किरकिर, गडगडाट, धाडकन. वाचता वाचता ऑक्सफर्डच्या कोशात ‘फट्’ दिसला आणि त्याच्या व्युत्पत्तीत हिंदी ‘फटना’. मला कोण आनंद झाला! ‘लूट’, ‘पक्का’, ‘बंगला’ इंग्रजीत गेले हे सगळ्यांना माहीत आहे. पण आपला एक अख्खा आवाज इंग्रजीत गेला, हे किती भारी. सिनॉप्सिसमध्ये ठणठणीत वाक्य टाकलं की इंग्रजीतला ‘फट्’ हा शब्द भारतीय भाषांकडून घेतलेला आहे. कोशात ‘फटना’च्या आधी ‘कदाचित’ होतं. ते मी वाचलं होतं. उतरवताना गाळलं.

आरआरसीसमोर सादरीकरण सुरू होतं. मी तीन पुरावे मांडले. एक, आवाज आणि अर्थ दोन्ही जुळतात. दोन, स्पेलिंग एफने नाही, पी-एचने आहे, आणि भारतीय ‘फ’ रोमन लिपीत असाच लिहितात. तीन, या शब्दाचे सुरुवातीचे वापर १८८० च्या दशकाच्या अखेरीचे, रडयार्ड किपलिंगच्या लिखाणातले. आणि किपलिंग तर मुंबईत जन्मलेला. समितीतल्या एका ज्येष्ठ सरांनी चष्मा काढला आणि विचारलं, “इंग्रज माणसाला टायर फुटलेलं ऐकू यायला आधी हिंदी शिकावी लागते का?”

सगळे हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. सिनॉप्सिस परत आला.

त्या सुट्टीत मी घरी आलो. आमचे काकाजी चौरस्त्याजवळ गाड्या दुरुस्त करतात, मोटारसायकली जास्त. कामधंदा नव्हता म्हणून त्यांच्या गॅरेजवर जाऊन बसायला लागलो, आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी कोशात जे शोधत होतो ते इथे दिवसभर हवेत आहे. गिऱ्हाईक येतं आणि बिघाड आवाजात सांगतं. “काकाजी, गाडी फटफट करून राहिली.” काकाजी न बघता म्हणतात, “सायलेन्सर पाहाय लागते.” दुसरा म्हणतो, “चालता चालता फटकन बंद पडली न बाप्पा.” त्यावर प्रश्न येतो, “आधी कटकट करे का?” कटकट म्हणजे टॅपेट, घरघर म्हणजे बेअरिंग, कुईकुई म्हणजे ब्रेक, फुसफुस म्हणजे कुठून तरी हवा जाते आहे. डॉक्टर नाडी बघतो तसं हे आवाजाची नावं ऐकतात. फटफट आणि फडफड यांत काकाजींची गल्लत होत नाही. फडफड म्हणजे मडगार्ड किंवा पत्रा सैल.

मी वही काढली आणि शब्द उतरवण्याऐवजी अख्खी वाक्यं उतरवायला लागलो. माझ्या मते या सगळ्या प्रकरणात मी केलेली बरी गोष्ट हीच. शब्द सुटा घेतला की तो कोणत्याही भाषेतला वाटतो. वाक्यात बसलेला असला की त्याचं घर कळतं.

मराठीत ‘फट’ एकटा फारसा फिरत नाही. तो ‘-कन’ लावून येतो: फटकन. कुठे ‘-दिशी’ लावून: फटदिशी. दोनदा येतो तेव्हा आवाज चालू राहतो: फटफट. मध्ये आकार आला की एकामागून एक भराभर: फटाफट. ट दुप्पट केला की जोर वाढतो: फट्ट. स्वर लांबवला आणि व्यंजन मऊ केलं की फाडकन, आणि फाडकन दिलेली थोबाडीत फटकन दिलेलीपेक्षा जास्त लागते हे कोणालाही विचारा. इतकं सगळं एका अक्षराच्या जोरावर, आणि ते नियमानं होतं. हेच साचे ‘खट’ला लागतात, ‘धड’ला लागतात, ‘टप’ला लागतात.

आता इंग्रजीचा साचा बघा. तिथे ‘फट्’ हा ‘जाणे’ला टेकून येतो. आणि तो एकटाच नाही, इंग्रजीत फुगा ‘पॉप’ जातो, फटाका ‘बँग’ जातो, गाय ‘मू’ जाते. म्हणजे कोणताही आवाज ‘जाणे’पुढे बसवायचा हा इंग्रजीचा स्वतःचा, जुना रिवाज. आपण “फुगा फट गेला” म्हणत नाही. हिंदीतही आवाजाच्या ‘फट’ला ‘से’ लागतं, ‘फट से’. सारांश, ‘फट्’ ज्या खुर्चीवर बसलाय ती खुर्ची तरी विलायती आहे, बसणारा कुठूनही आलेला असो.

मग मी माझे तीन पुरावे एकेक करून पुन्हा घेतले.

स्पेलिंगचा पुरावा सगळ्यात लवकर पडला. हुश्श म्हणताना इंग्रज माणूस जो ‘फ्यू’ काढतो, त्याचंही स्पेलिंग पी-एचनेच सुरू होतं. तो शब्द सतराव्या शतकापासून इंग्रजीत आहे आणि त्याला हिंदुस्थानची हवा लागलेली नाही. तोंडातून फुसकन हवा सोडायची असली की इंग्रजी लेखक पी-एच वापरतात, एवढंच त्यावरून म्हणता येतं. हे उदाहरण मला आधी का सुचलं नाही? कारण मी माझ्या बाजूचीच उदाहरणं शोधत होतो.

दुसरा, तारखांचा. इथे मात्र मला थोडा सूड घेता आला. सरांचा टायर. डनलॉपच्या हवा भरलेल्या टायरचं पेटंट १८८८ सालचं, तेही सायकलसाठी. मोटारगाडीला असे टायर लागले ते १८९५ च्या आसपास, मिशलँ बंधूंच्या प्रयत्नानं. किपलिंगनं ‘फट्’ लिहिला तेव्हा हिंदुस्थानात टायर फुटत नव्हते. तसंच इंजिनाचं. डाइम्लर आणि मायबाख यांची पेट्रोलवर चालणारी पहिली दुचाकी १८८५ ची, आणि विकण्यासाठी कारखान्यात बनवलेल्या मोटारसायकली १८९४ पासूनच्या. त्यामुळे “इंजिन फटफट करतं, म्हणून बंद पडलं की फट्” हे बऱ्याच जणांना पटणारं स्पष्टीकरण काळाच्या हिशेबात बसत नाही. तो जोड नंतर लागला. १८८० च्या दशकात ‘फट्’ करणाऱ्या वस्तू म्हणजे काडतूस, सोडावॉटरची बाटली, दिव्याची काच. पुढच्या वेळी हे मी समितीला सांगितलं. सर म्हणाले, “बरोबर आहे. पण त्यानं तुमचं विधान सिद्ध होतं का?” होत नव्हतं.

हे तारखांचं तंत्र तुम्ही मराठीवरही वापरून बघा. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ चा, त्याची दुसरी आवृत्ती १८५७ ची. त्यात ‘फटफटी’ ही गाडी सापडण्याचा प्रश्नच नाही, कारण गाडीच जन्मली नव्हती. दाते-कर्वे मंडळींचा महाराष्ट्र शब्दकोश १९३२ ते १९३८ मध्ये निघाला. मधल्या काळात कधीतरी हे नाव पडलं. एखाद्या नावाच्या अलीकडची आणि पलीकडची अशी दोन कुंपणं घातली की निम्मं काम होतं. हे कोश, शिवाय तुळपुळे-फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश आणि टर्नर यांचा तौलनिक कोश, हे सगळे शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर फुकट बघता येतात. पहिल्या वर्षी मला हे कोणी सांगितलं नव्हतं, तुम्हाला सांगून ठेवतो.

तिसरा पुरावा किपलिंग. ३० डिसेंबर १८६५ ला मुंबईत जन्म, वडील लॉकवुड किपलिंग जे. जे. कलाशाळेत शिक्षक. सहाव्या वर्षापर्यंत आया आणि नोकर यांच्या संगतीत वाढला. आई-वडिलांसमोर जाताना ‘आता इंग्रजीत बोल’ असं बजावावं लागे, असं त्यानंच पुढे आत्मचरित्रात सांगितलंय. १८८२ ला परत येऊन लाहोरला, नंतर अलाहाबादला वर्तमानपत्रात नोकरी. गोऱ्या शिपायांची सरमिसळ बोली त्यानं कान देऊन ऐकली. त्याच्या कानावर ‘फट’ पडला नसेल असं म्हणणंच अवघड. पण ऐकलं असणं वेगळं आणि घेतलं असणं वेगळं. संधी होती, इतकंच सिद्ध होतं. कोर्टात एवढ्यावर कोणाला शिक्षा होत नाही.

इथवर माझं विधान पार जमिनीवर आलं होतं. तेव्हा एक गोष्ट सापडली, तीही गॅरेजवरच्या वाक्यांमुळे. हिंदुस्थानातल्या इंग्रजांनी आपली क्रियापदं कोणत्या रूपात उचलली? १८८६ साली निघालेला यूल आणि बर्नेल यांचा ‘हॉब्सन-जॉब्सन’ हा कोश चाळलात तर एक नमुना पुन्हा पुन्हा दिसतो. ‘पकड़ो’, ‘बनाओ’, ‘लगाओ’, ‘समझाओ’: साहेबांनी क्रियापद घेतलं ते आज्ञार्थात घेतलं, आणि तेच इंग्रजी क्रियापद म्हणून चालवलं. कारण उघड आहे. साहेब नोकराशी दुसऱ्या कोणत्या रूपात बोलत होता? हुकूम सोडताना जे तोंडात बसलं तेच कोशात गेलं.

आता ‘फटना’ घ्या. ते अकर्मक आहे. वस्तू फटते, तिला “फटो” असा हुकूम कोणी देत नाही. त्यामुळे ज्या वाटेनं ‘पकड़ो’ इंग्रजीत शिरला त्या वाटेनं ‘फटना’ शिरणं फार कठीण. शब्द खरंच इथून गेला असेल तर क्रियापदावरून नाही, ‘फट से’, ‘फटकन’ यांतल्या नुसत्या आवाजावरून गेला असणार. आणि नुसता आवाज म्हटलं की पुन्हा सरांचा प्रश्न समोर उभा: तो ऐकायला हिंदी लागते का?

लागत नाही, पण तो प्रश्नही पूर्ण बरोबर नाही. आवाज सगळ्यांना सारखा ऐकू येत असेल, शब्द सारखा होत नाही. आमच्या चौरस्त्यावरून जाणारी तीच मोटारसायकल मराठीत फटफटी, बंगालीत भटभटी, आणि इंग्रजीत छोट्या इंजिनाचा आवाज ‘पटपट’सारखा लिहितात. कोंबडा आपल्याकडे कुकूच कू करतो, इंग्लंडात भलतंच लांबलचक आरवतो. एकोणिसाव्या शतकात भाषेचा उगमच प्राण्यांच्या आवाजात आहे असं काही जण मानत. मॅक्स म्यूलरनं १८६१ च्या व्याख्यानांत त्याला ‘भू-भू सिद्धांत’ म्हणून हिणवलं. पुढे सोस्यूरनं दाखवलं की असे शब्दही एकदा भाषेत आले की बाकीच्या शब्दांसारखेच झिजतात. त्याचं उदाहरण मला फार आवडतं: चिवचिवाटावरून झालेला लॅटिन ‘पीपिओ’ फ्रेंचमध्ये ‘पिजाँ’ झाला, म्हणजे कबूतर, आणि त्यात चिवचिव उरली नाही.

आपल्याकडे झीज कशी होते बघा. प्राकृतातलं जोडव्यंजन मराठीत एकेरी होतं आणि आधीचा स्वर लांबतो. सत्त-सात, कम्म-काम, अज्ज-आज. टर्नर यांच्या १९६६ च्या कोशात ‘फाटणे’ची कूळकथा संस्कृत ‘स्फट्’पासून दिलेली आहे, मधल्या ‘फट्ट’चा मराठीत ‘फाट’ झाला. म्हणजे ‘फाटणे’नं रीतसर पल्ला गाठलाय. त्याच ‘फाटणे’चा ‘फाटा’: रस्ता जिथे फाटतो ती जागा. आमचं अख्खं गाव त्या अर्थानं एक फाटाच आहे. ‘फटकन’ मात्र लांबला नाही, तो आहे तसाच आखूड. कारण आवाज झिजू लागला की लोक तो पुन्हा नव्यानं काढतात. मग ‘दाराची फट’ आखूड कशी राहिली? तिचा अर्थ तर चिरेचा, आवाजाचा नाही. आणि “फटफटायला लागलं”, म्हणजे उजाडायला लागलं, यात कसला आवाज? हिंदीत पहाट झाली की ‘पौ फटती है’, तिथेही अंधार चिरण्याचीच कल्पना. मला वाटतं, चिरणं आणि चिरण्याचा आवाज हे दोन्ही शब्दगट मराठीत इतकी वर्षं शेजारी नांदले की एकमेकांची रूपं वापरू लागले. हे अनुमान आहे, आणि सिनॉप्सिसमध्ये आता ते अनुमान म्हणूनच लिहिलंय.

हा आवाज जुना किती? अथर्ववेदाच्या चौथ्या कांडात तापलेले दगड ‘फट्’ करतात, आणि तिथेही तो ‘कृ’ धातूच्या जोडीनं येतो. पुढे तंत्रमार्गात हाच ‘फट्’ मंत्राच्या शेवटी अस्त्रासारखा फेकला जाऊ लागला. “फट म्हणता ब्रह्महत्या” ही म्हण तुम्ही ऐकली असेल. नुसतं एक अक्षर उच्चारलं आणि केवढं पाप अंगावर. म्हणजे इंग्रज इथे येण्याच्या कितीतरी आधी या अक्षराचं इथे पूर्ण चरित्र घडून गेलं होतं. पण ते फक्त संस्कृत-मराठीचं नाही. एमेनो यांनी १९६९ साली ‘लँग्वेज’ या नियतकालिकात दाखवलं की असे जोडशब्द आर्य आणि द्राविड या दोन्ही कुळांत इतके मिळतेजुळते आहेत की तो सगळ्या भारतीय भाषाप्रदेशाचाच ठेवा मानावा लागतो. चौरस्त्यावर चहाला थांबणारे तेलुगू चालक ‘पटपट’ म्हणतात ते रागानं दात खाण्याच्या आवाजाला. आपल्याकडे ‘पटपट’ म्हणजे भराभर. कोणी कोणाकडून घेतला? एमेनोंनी हा प्रश्न शब्दागणिक सोडवत बसण्याऐवजी प्रदेशाच्या पातळीवर नेला. त्यातून मी शिकलो की काही शब्दांच्या बाबतीत ‘मालक कोण’ हा प्रश्नच कमकुवत असतो. ‘कोणाच्या वाक्यात तो कसा बसतो’ याचं उत्तर निदान तपासता येतं.

उलट बाजूचं एक उदाहरण देतो, म्हणजे नुसत्या कानावर विसंबणं किती धोक्याचं ते कळेल. ‘टमटम’. गावोगावी फिरणारी तीनचाकी. ऐकल्यावर कोणीही शपथेवर सांगेल की हा इंजिनाचा आवाज. पण हा शब्द इंजिनाच्या आधीचा आहे. हिंदुस्थानातले इंग्रज घोड्याच्या हलक्या गाडीला टमटम म्हणत. हॉब्सन-जॉब्सनच्या १९०३ च्या आवृत्तीत विल्यम क्रूकनं तो इंग्रजी ‘टँडेम’चा अपभ्रंश असल्याचं सुचवलंय. म्हणजे जो शब्द शंभर टक्के आवाज वाटतो तो बहुधा आवाज नाहीच.

आणि भरभक्कम पुरावा कसा दिसतो? “मला पिंग कर” हे आपण रोज म्हणतो. ‘पिंग’ हा पाणबुडी शोधणाऱ्या सोनारचा आवाज. माइक म्यूस या अमेरिकन संगणकतज्ज्ञानं डिसेंबर १९८३ मध्ये दुसरा संगणक जागा आहे का हे तपासणारा छोटा प्रोग्रॅम लिहिला आणि सोनारच्या आवाजावरून त्याला हे नाव दिलं, असं त्यानं स्वतः लिहून ठेवलंय. माणूस, महिना, कारण, सगळं हातात. ‘फट्’च्या बाबतीत यातलं काहीच नाही. आणि बघा, ‘पिंग’ मराठीत आला तो ‘करणे’ला टेकला, ‘कॉल कर’, ‘सेव्ह कर’ यांच्या रांगेत. “पिंगकन मेसेज आला” असं म्हणणारे भेटले की मी समजेन, आता तो आपला झाला.

माझ्या सिनॉप्सिसमध्ये आता असं आहे: इंग्रजीतला ‘फट्’ आवाजातून स्वतंत्रपणे तयार झाला असणं शक्य आहे, हिंदुस्थानातल्या वास्तव्यामुळे तो इंग्रजांच्या तोंडी लवकर रुळला असणंही शक्य आहे, ‘फटना’ या क्रियापदावरून तो थेट आला असण्याची शक्यता कमी. आधीचं ठणठणीत वाक्य एका ओळीचं होतं, हे पाच ओळींचं झालं आणि कानाला कमी गोड आहे. समितीनं ते मान्य केलं. चष्मेवाल्या सरांनी फक्त “उदाहरणं वाक्यासकट द्या” एवढा शेरा मारला, आणि तो मी आनंदानं पाळतो आहे.

काकाजींना सगळं सांगितलं. त्यांनी प्लग पुसता पुसता ऐकून घेतलं आणि विचारलं, “मंग इतके दिवस त्या एका फटासाठी बसला होता कारे तू?” मी हो म्हटलं.

काम संपलेलं नाही. १८८० च्या आधी, कधीही हिंदुस्थानात पाऊल न टाकलेल्या एखाद्या इंग्रज माणसाच्या पत्रात किंवा गावाकडच्या बोलीच्या नोंदीत ‘फट् जाणे’ सापडलं, तर भारतीय संबंधाची उरलीसुरली बाजूही संपते. आणि अलाहाबाद-लाहोरच्या त्या काळच्या इंग्रजी वर्तमानपत्रांत, साहेबांच्या घरगुती मजकुरात, ‘फट’ हा नोकराच्या तोंडचा शब्द म्हणून आधी आणि साहेबाच्या तोंडचा म्हणून नंतर आलेला दिसला, तर पारडं पुन्हा आपल्याकडे झुकतं. पुढचे दोन महिने त्या फायलींमध्ये जाणार आहेत.

तोवर काकाजींच्या गॅरेजवरची वही भरत चालली आहे. काल एकानं येऊन सांगितलं, गाडी “भुसभुस करून राहिली.” काकाजीही क्षणभर थांबले. त्यांच्या यादीत तो आवाज नव्हता.